प्रवासातून आणलेली झाडं घरी का टिकत नाहीत?

पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, आम्ही साताऱ्यात गोडोलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेला, हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. मला झाडांचा भारी नाद, कुठं फिरायला गेलं की तिथून एक तरी झाड आणल्याशिवाय चैनच पडत नाही. महाबळेश्वरवरनं फ्युशिया आणि निळा हायड्रेंजिया आणला, कोकणातनं फर्न आणि अँथुरियम, ऊटीवरनं बिगोनिया. फ्युशिया मार्चमध्येच गेला, फर्न करपला, हायड्रेंजिया जगला पण आता फूल आलंय ते चक्क गुलाबी, नर्सरीवाल्याने फसवलं का? सासूबाई म्हणतात देवाला चार फुलं मिळतील असं काहीतरी लाव. मिस्टर म्हणतात पैसे घालवणं बंद कर. यंदा सप्टेंबरमध्ये कासला गेलं की तिथला तेरडा मुळासकट आणावा असं मनात आहे, चालेल का? आणि मे महिन्यात बारा दिवस हिमाचलला चाललोय, मागे झाडांचं काय करू?"

ताई, पत्र वाचून बरं वाटलं, कारण झाड मेलं याचं ज्यांना वाईट वाटतं त्यांच्याच हातात पुढं झाडं चांगली होतात. पैशाचं म्हणाल तर मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, झाडं घेणं बंद करायची गरज नाही पण कुठली घ्यायची ते बदलावं लागेल.

तुमचा हात वाईट नाही, हे आधी डोक्यातनं काढा. तुम्ही ज्या ज्या गावाला गेलात तिथली हवा तुम्हाला आवडली आणि त्या हवेत खुललेलं झाड तुम्ही उचलून आणलंत, झाड आलं पण हवा तिथंच राहिली. आपला सातारा जिल्हाच बघा ना, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं पूर्वेला माण-खटावला ५०० च्या आसपास, म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापटीचा फरक, आणि तुम्ही राहता या दोन्हीच्या मधे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे आणि आपलं शहर त्याच्या निम्म्यावर, त्यामुळे तिथं मे महिन्यातही रात्री गारवा असतो आणि आपल्याकडं भिंती रात्री अकरालाही तापलेल्या असतात. फ्युशियाला दिवसाचं ऊन एकवेळ सावलीत ठेवून चुकवता येतं पण रात्रीचा गारवा कुठनं आणणार? तो मुळात दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या थंड डोंगराळ भागातला, पारा तिशीच्या पुढं गेला की फुलं बंद करतो आणि मग हळूहळू पानं टाकतो. तेव्हा फ्युशिया परत घेऊ नका. महाबळेश्वरला गेलात की तिथल्या बंगल्यांच्या कुंपणाशी उभं राहून मनसोक्त बघा, तिथं तो जसा लटकतो तसा आपल्या बाल्कनीत कधीच लटकणार नाही.

हायड्रेंजियाच्या बाबतीत मात्र कुणी फसवलेलं नाही. निळ्या-गुलाबी जातींमध्ये रंग मातीवर ठरतो. वर महाबळेश्वरची जांभ्याची माती आम्ल असते, अशा मातीतलं अॅल्युमिनियम झाडाला घेता येतं आणि फूल निळं येतं, खाली आपण त्याला काळ्या मातीत लावतो आणि बोअरचं जड पाणी घालतो, त्यात क्षार जास्त, माती अल्कधर्मी होत जाते आणि तेच झाड गुलाबी फुलतं. निळाच हवा असेल तर पावसाळ्यात पावसाचं पाणी बादल्यांत साठवून ते घाला, मातीत कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पानांचं खत वाढवा, आणि महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर तुरटी विरघळवून द्या, तुरटीत अॅल्युमिनियम असतं. जास्त घालू नका, मुळं भाजतात. फरक दिसायला एक सीझन तरी जातो. मला विचाराल तर गुलाबीही सुंदर दिसतो आणि उन्हाळ्यात तो तुमच्याकडं जगला हेच मोठं आहे, फक्त त्याला अकरानंतरचं ऊन लागू देऊ नका आणि फुलं संपली की लगेच छाटा, उशिरा छाटलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापून टाकाल, कारण याच्या बऱ्याच जाती जुन्या फांद्यांवर फुलतात.

फर्न आणि अँथुरियमला कोकणातला दमटपणा लागतो. पावसाळ्यात ही दोन्ही साताऱ्यात मजेत असतात, फेब्रुवारीनंतर हवा कोरडी झाली की पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. पश्चिमेच्या खिडकीपासून ती लांब न्या, बाल्कनीत खाली फरशीवर मोठ्या कुंड्यांच्या मागं सगळी एकत्र खेटून ठेवा, झाडं घोळक्यात असली की आपापसात थोडा ओलावा धरून ठेवतात. नुसतं स्प्रेने पाणी मारून फारसं होत नाही, दहा मिनिटांत ते उडून जातं. बिगोनियाचं सांगायचं तर ऊटीला जे मोठ्या फुलांचे कंदवाले मिळतात ते थंड हवेचेच, ऊटी २२०० मीटरच्या वर आहे, पण छोट्या चकचकीत पानांचा साधा बिगोनिया आपल्याकडं सावलीत छान होतो, तो कुठल्याही जवळच्या नर्सरीत मिळेल.

आता झाड निवडायचं कसं, तर आधी घर बघायचं आणि मग झाड, आपण सगळे नेमकं उलटं करतो. एक सुट्टीचा दिवस काढा आणि सकाळी आठ, दहा, बारा आणि दुपारी चारला बाल्कनीत कुठं ऊन पडतंय ते खडूने फरशीवर आखा. पूर्वेच्या बाल्कनीत तुम्हाला तीन-चार तासांचं सकाळचं ऊन मिळत असेल, समोर बिल्डिंग असेल तर त्याहून कमी. आणि हे वर्षभर सारखं नसतं बरं का. थंडीत सूर्य दक्षिणेकडनं कलतो आणि ऊन तिरकं आत येतं, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून कधी ऊन न बघितलेला कोपरा मे-जूनमध्ये अचानक तापतो आणि सावलीतलं झाड दोन दिवसांत करपतं आणि आपल्याला कळत नाही काय झालं.

सासूबाईंचं म्हणणं मला फार पटलं. रोज सकाळी परडीत चार फुलं पडली की झाडांकडं घरातल्या सगळ्यांचं लक्ष जातं, मिस्टरांचं सुद्धा. तीन-चार तासांच्या उन्हात तगर उत्तम, जवळजवळ बारा महिने फुलतो आणि फारसं मागत नाही. देशी लाल जास्वंद लावा, मोठ्या फुलांच्या रंगीत जाती दिसायला छान पण आपल्याकडं नाजूक निघतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच, पांढरा कापसासारखा, दिसला की त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा आणि मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला असं तीनदा तरी करा, एकदाच करून सोडलं की परत येतो. अबोली अर्ध्या सावलीतही फुलते. ग्रिलवर गोकर्ण सोडा, बी टाकलं की झालं. मोगऱ्याचा मोह होणार मला माहितीय, पण त्याला पाच-सहा तास ऊन लागतं, तुमच्याकडं पानंच जास्त येतील, कॉमन टेरेसवर परवानगी असेल तर तिथं ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत छाटा.

शेवंतीचं एक सांगते कारण हे बऱ्याच जणींना माहिती नसतं. शेवंतीला फुलायला लांब काळोखी रात्र लागते. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा तुम्ही रात्री उशिरापर्यंत बाल्कनीतला लाईट चालू ठेवत असाल तर झाड हिरवंगार राहील आणि कळी धरणार नाही, मग आपण खत घालत बसतो. कुंडी सप्टेंबरपासून रात्री अंधार असेल अशा बाजूला ठेवा, पॉईनसेटियालाही हेच लागू.

हॉलमध्ये शोभेला काय ठेवायचं तर तुम्ही सतत फिरणाऱ्या आहात, तेव्हा स्नेक प्लांट आणि झेडझेड. दोन्ही आफ्रिकेतली, झेडझेडला तर मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवलेलं असतं, पंधरा-वीस दिवस पाणी नाही मिळालं तरी त्याला काही होत नाही, उलट रोज पाणी घातलं तर कुजतं. मनी प्लांट आणि सिंगोनियम खिडकीपासून थोडं आत चालतील. रंग हवा असेल तर लाल-गुलाबी पानांचा अॅग्लोनेमा घ्या, मला तो कुठल्याही फुलझाडाइतकाच आवडतो, हॉलचा कोपरा उजळून टाकतो. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीननंतर जे ऊन येतं ते काचेतनं आणखी तापतं, तिथं पातळ पडदा लावा नाहीतर तिथं कोरफड आणि निवडुंगच ठेवा. घरात रांगणारं बाळ किंवा मांजर असेल तर डायफेनबाखिया नको, त्याचं पान चावलं की तोंडाची भयंकर आग होऊन सूज येते, आणि कण्हेर तर अख्खी विषारी, ती बाल्कनीतही नको.

आणि कुणी ऑक्सिजनचं किंवा हवा शुद्ध करणारं झाड म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. हे सगळं नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासावरनं पसरलंय, तो बंद छोट्या पेट्यांमध्ये केलेला होता. आपल्या हॉलमध्ये खिडकी उघडली की जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला झाडांनी पूर्ण हॉल भरून टाकावा लागेल. झाड सुंदर दिसतं आणि त्याच्याकडं बघून बरं वाटतं, घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

नर्सरीत गेल्यावर सगळ्यात जास्त फुललेली कुंडी उचलू नका, कळ्या असलेली आणि शेंड्याला नवी पालवी असलेली घ्या. पानं उलटी करून मागं बघा, कोळी, मावा, पिठ्या सगळे तिथंच लपतात. खालच्या भोकातनं मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते झाड बरेच दिवस त्या पिशवीत अडकलंय. आणि लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यातलं झाड असेल तर तो गोळा नीट बघून घ्या, आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतनं ट्रकच्या ट्रक भरून झाडं देशभर जातात, आपल्याकडंही येतात, आणि ती अशा गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कोकोपीटच्या कुंडीत ठेवला की वरून घातलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आत मुळं कोरडीच राहतात, किंवा आत एकदा भिजला की वाळतच नाही. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत तसंच ठेवा, बाकी झाडांपासून लांब, मग संध्याकाळी गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि लावा. मातीचं मिश्रण मी सांगते ते असं, दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, काळी माती कुंडीत एकटी कधीच नको, ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा.

आता कास. ताई, तेरडा आणू नका. तिथून काहीही उपटायला मनाई आहे, पण नुसती मनाई म्हणून नाही सांगत. कासचं पठार म्हणजे १२०० मीटर उंचीवरचा जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा, कुठं तेवढाही नाही. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं, धुकं बसतं, आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. एवढ्या कमी मातीत ८५० हून जास्त जातींची फुलझाडं जगतात, म्हणूनच २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश केला. सीतेची आसवंच बघा ना, त्या जांभळ्या इवल्याशा फुलाच्या खाली चिखलात बारीक पिशव्या असतात आणि त्यात ते सूक्ष्म जीव पकडतं, कारण मातीत खायला काही नाहीच. तुमच्या कुंडीत शेणखत घालून त्याला वाढवायला गेलात तर ते मरेल. तिथला तेरडाही तसाच, त्याच कातळावरच्या ओलीला आणि धुक्याला सवकलेला. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. वायतुरा उथळ पाण्याच्या डबक्यात येतो आणि त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. हे सगळं तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, यवतेश्वरच्या घाटातनं वर चढलं की पोचलात. दिल्ली-बंगळूरचे लोक सुट्टी काढून हे बघायला येतात.

तेव्हा यंदा बुकिंग करून मधल्या वारी सकाळी लवकर जा, शनिवार-रविवारी गर्दीत काही दिसत नाही. सोबत एक साधं भिंग घ्या. सगळे लोक लांबून गुलाबी-पिवळे गालिचे बघतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात, पण कासची खरी गंमत वाकून बघण्यात आहे. दवबिंदू नावाच्या कीटक खाणाऱ्या झाडाच्या पानावरचे चिकट थेंब बघा, त्यात अडकलेलं चिलट बघा. पायवाट सोडू नका, एका पावलाखाली किती रोपं जातात ते भिंगातनं बघितल्यावर तुम्हालाच कळेल. आणि तेरडा हवाच असेल तर बागेतला घरगुती तेरडा जूनमध्ये बी टाकून लावा, पूर्वेच्या उन्हात मस्त येतो, गौरींच्या सुमाराला फुलतो, शेंग पिकली की बोट लावल्याबरोबर फट्कन फुटून बी उडतं, घरातली पोरं त्यातच रमतात.

मग प्रवासातनं आणायचंच नाही का काही? आणा की. आपल्यासारख्या हवेच्या गावांतनं आणा, पुणे, कोल्हापूर, धारवाड, बेळगाव या बाजूची झाडं आपल्याकडं रुळतात, बंगळूरचे कोलियस आणि क्रोटनही. बियाणं आणा, फांदी आणा. फांदी कुणाच्या घरून विचारून घ्या, सरकारी बागेतनं तोडू नका. फांदीची खालची पानं पेरभर लांबीपर्यंत काढून टाका, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा आणि दोन दिवसांत लावा. काश्मीरचे ट्युलिपचे कंद आणू नका, त्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते.

आणि नुसतं बघायलाही शिका. बंगळूरचा लालबाग १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केला, तिथल्या काचघरात २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला पुष्पप्रदर्शन असतं, पण प्रदर्शनाची गर्दी नसताना तिथली जुनी झाडं बघत हिंडण्यात मला जास्त आनंद वाटतो. ऊटीची सरकारी बाग १८४८ ची, परत गेलात तर कुंड्या विकत घेण्यात दुपार घालवण्यापेक्षा तिथं तळापासून वरपर्यंत चाला. मोबाईलमध्ये प्रत्येक आवडलेल्या झाडाचा फोटो काढताना त्याच्यावर ऊन किती आहे आणि शेजारी काय लावलंय तेही फोटोत येऊ द्या, घरी आल्यावर तुम्हाला तेच कामाला येतं. हिमाचलात मे महिन्यात उंचावर बुरांश अजून फुललेला सापडेल, लालभडक, झाडच्या झाड. त्याचं रोप कुणी दिलं तरी घेऊ नका, त्याचं सरबत मिळतं ते आणा.

आता बारा दिवसांचा प्रश्न, आणि तोही मे महिन्यातला, म्हणजे सगळ्यात अवघड. निघायच्या आठवडाभर आधीपासून खत बंद. सगळ्या कुंड्या ग्रिलवरनं उतरवून आतल्या भिंतीलगत फरशीवर एकत्र करा, वर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. कळ्या आणि फुलं खुडून देवाला वाहा, फुललेलं झाड जास्त पाणी पितं. मातीवर उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं जाड थर द्या, आपल्याकडं पाचटाला तोटा नाही. मधोमध स्टुलावर पाण्याची झाकलेली बादली ठेवा आणि जुन्या सुती साडीच्या वळलेल्या चिंध्या बादलीच्या तळापासून प्रत्येक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खुपसा, सुती चिंध्या पाणी चांगलं ओढतात. हे निघायच्या चार दिवस आधी लावून बघा, बादली किती उतरते ते मोजा, त्यावरनं एक बादली पुरेल की दोन ते कळेल. झेडझेड आणि स्नेक प्लांटला चिंधी लावू नका, त्यांना निघायच्या आदल्या दिवशी पाणी दिलं की बास.

शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर पाचव्या आणि नवव्या दिवशीच यायला सांगा आणि कुंडीवर कागद चिकटवून लिहा, इथं अर्धा मग, इथं एक मग, इथं नाही. नाहीतर मायेपोटी रोज पाणी घालतील, आणि उन्हाळ्यात सुकलेलं झाड आपण सावरू शकतो, कुजलेलं नाही.

परत आलात की काही झाडं मान टाकून बसलेली दिसतील, घाबरून बादलीभर पाणी ओतू नका. संध्याकाळी थोडं, दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं. फांदी मेली की काय ते नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर राहू द्या. जाळी लगेच काढू नका, आणि जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरच कुंड्या परत ग्रिलवर चढवा, खत त्यानंतर पंधरा दिवसांनी.